नवीन हेड कोच भारी बोलला, पण विश्वास कशावर ठेवायचा?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत ज्या युनिव्हर्सिटीत शिकतेय तिथल्या फुटबॉल टीमला (तिकडचा फुटबॉल, हेल्मेटवाला) नवीन हेड कोच मिळालाय. पहिल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये कल्चर, शिस्त, चॅम्पियनशिप असं सगळं बोलला आणि आम्ही सगळे जाम खूश झालो, कारण गेले दोन सीझन टीमची अवस्था बघवत नव्हती. पण याचं व्हिजन खरंच आहे की नुसतं बोलणं, हे कसं ओळखायचं?

उत्तर: तुमचा आनंद कळतोय, पण नुसत्या भाषणावरून ओळखता येणार नाही. कल्चर आणि शिस्त हे शब्द प्रत्येक नवीन कोच बोलतोच, मग त्यावरून हा चांगला की तो चांगला कसं ठरवणार? भाषणात एवढंच शोधा की वर्षभराने तपासता येईल असं तो काही बोललाय का, आणि मग दुसऱ्या दिवसापासून त्याचं बोलणं बाजूला ठेवून त्याचे निर्णय बघायला लागा.

कोच कर्ट सिग्नेटीचं बघा. 2023 च्या शेवटी तो इंडियाना युनिव्हर्सिटीला आला तेव्हा टीम नुकतीच 3-9 करून बसली होती, म्हणजे 3 विजय आणि 9 पराभव. रिक्रूट्सना, म्हणजे टीममध्ये घ्यायच्या नवीन पोरांना, तुमचं व्हिजन कसं पटवता असं विचारल्यावर तो म्हणाला, मी जिंकतो, गूगल करून बघा. खूप जणांना हे उद्धट वाटलं, मला मात्र ते आवडलं कारण त्यात तपासण्यासारखं काहीतरी होतं, मागचं रेकॉर्ड होतं, आणि जेम्स मॅडिसन या आधीच्या युनिव्हर्सिटीतून येताना त्याने आपले दोन्ही को-ऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे मुख्य असिस्टंट) आणि बरेच खेळाडूही सोबत आणले होते. पुढचाच सीझन 11-2 आणि थेट प्लेऑफ, म्हणजे नॅशनल टायटल ठरवणारी बाद फेरी.

आता कोणी म्हणेल की मग जुना स्टाफ सोबत आणला की झालं. नाही ना! कोच स्कॉट फ्रॉस्टनेही तेच केलं होतं. 2017 ला सेंट्रल फ्लोरिडाला 13-0 करून दिलं आणि तो नेब्रास्काला आला, म्हणजे जिथे स्वतः क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) होता आणि 1997 चं नॅशनल टायटल जिंकलं होतं तिथेच, सगळ्या राज्याला वाटलं आता आपले दिवस आले. पहिला सीझन 4-8, आणि नंतर एकही सीझन विनिंग रेकॉर्डचा नाही. 2021 तर बघवत नाही, 3-9, आणि त्या नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी पॉइंट्सनी गेलेल्या. म्हणजे टीम भिकार नव्हती, दर वेळी शेवटाकडे कुठेतरी गडबड व्हायची, कधी किकिंग, कधी पेनल्टी, कधी हातातला बॉल सुटणार. एखाद दुसऱ्या वेळी नशीब म्हणू, पण वर्षानुवर्षं तेच होत असेल तर तो कोचिंगचाच प्रश्न, आणि ऑफेन्सचे (आक्रमणाचे) असिस्टंट त्याने काढले ते थेट नोव्हेंबर 2021 मध्ये, चौथा सीझन संपत आल्यावर. सप्टेंबर 2022 मध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर त्यालाच काढलं, एकूण 16-31. माझ्यासाठी खरी परीक्षा हीच आहे, तीच चूक परत परत व्हायला लागली की हा माणूस काय बदलतो आणि किती लवकर बदलतो.

अजून एक, हे सगळं एकट्या कोचच्या हातात नसतं. 2021 पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून वर्षभर न बसता लगेच खेळू शकायला लागले आणि 2024 पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदलू शकतात, शिवाय 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यामुळे कोच चॅम्पियनशिप म्हणत असेल तर ॲथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) किती पैसा सोडणार आहे हेही विचारा. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेले खेळाडू जिथे नाव नोंदवतात ती यादी) उघडल्यावर कोण येतंय यापेक्षा मी आधी बघते की आपले चांगले खेळाडू थांबतायत का, कारण त्यांनी कोचला बंद दाराआड ऐकलेलं असतं.

प्रश्न: पहिल्या सीझनला किती विजयांची अपेक्षा ठेवावी? घरात यावरून रोज भांडण होतं.

उत्तर: आधी शेड्यूल हातात घ्या. रेग्युलर सीझनच्या 12 मॅच असतात आणि बोल गेमसाठी (सीझन संपल्यावर बऱ्या टीम्सना मिळणारी जादा मॅच) साधारण 6 विजय लागतात, बुडालेल्या टीमसाठी तेवढं झालं तरी चांगलंच. सप्टेंबरवरून मात्र काही ठरवू नका. कोच डीऑन सँडर्सचं कोलोरॅडो 2023 ला 3-0 होतं, सगळा देश त्यांच्याबद्दल बोलत होता, आणि सीझन संपला 4-8 वर. आता उलटं बघा, कोच निक सेबन अलाबामाला आला तेव्हा 2007 चा पहिला सीझन 7-6, त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मनरोसारख्या छोट्या टीमकडून हार, आणि 2009 ला नॅशनल चॅम्पियन. 4-8 नंतर कोलोरॅडोनेही पुढच्या वर्षी 9-4 केलंच की.

प्रश्न: तिसऱ्या वर्षी टीम उसळी घेते म्हणतात, तोपर्यंत गप्प बसावं का?

उत्तर: हे कोच मॅट रूलमुळे लोकांच्या डोक्यात बसलंय. टेंपलला पहिलं वर्ष 2-10 आणि तिसरं 10-4, बेलरला पहिलं 1-11 आणि तिसरं 11-3. पण नेब्रास्काला त्याचं तिसरं वर्ष म्हणजे 2025, आणि तिथे 7-6, आदल्या वर्षीइतकंच. कोच तोच, पद्धत बरीचशी तीच, तरी उसळी आली नाही. म्हणून नुसती वर्षं मोजत गप्प बसू नका. दुसऱ्या सीझनच्या नोव्हेंबरमध्ये मॅच बघताना तीन गोष्टी बघा, चौथ्या क्वार्टरमध्ये टीम दमलेली दिसते का, पेनल्टी पहिल्या सीझनपेक्षा कमी झाल्यात का, आणि कोचने स्वतः रिक्रूट केलेली पोरं मैदानात आहेत की अजून बेंचवरच. यातलं काहीच सुधारलं नसेल तर तिसऱ्या वर्षाची वाट न बघता खुशाल ओरडा.