विद्यार्थी हाताशी आहेत, तर ते अर्जात दिसू द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. मुंबईत बी.फार्म. आणि इथे अमेरिकेत पीएच.डी. करून मी ओहायोतल्या एका छोट्या फार्मसी कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून लागले. माझ्याकडे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर लॅबमध्ये पूर्णवेळ संशोधन करणारा) नाही, पीएच.डी.चे विद्यार्थीही नाहीत. आहेत ते फार्म.डी.चे, म्हणजे फार्मसिस्ट होण्यासाठीच्या पदवीचे विद्यार्थी, वर्ग आणि परीक्षा सांभाळून लॅबमध्ये येणारे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देईनाशा का होतात, हा माझा विषय. एनआयएच (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी संस्था) हिच्या आर-१५ या ग्रँटसाठी अर्ज करायचा आहे. पण एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘विद्यार्थ्यांच्या भरवशावर ग्रँट मिळत नाही. त्यांचं शेवटी दोन ओळींत उरकून टाक.’ काय करू?

उत्तर : हा सल्ला मानू नका. दुसऱ्या एखाद्या ग्रँटला तो चालून जाईल, आर-१५ ला मात्र त्यानेच अर्ज पडेल.

ही योजना १९८५ मध्ये सुरू झाली तीच मुळी एनआयएचचा पैसा फारसा पोचत नाही अशा संस्थांसाठी. पुढे तिच्या दोन शाखा झाल्या. पदवीपूर्व शिक्षणावर भर असलेल्या कॉलेजांसाठी ‘एरिया’, आणि वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंगची स्कूल्स व ग्रॅज्युएट स्कूल्स यांच्यासाठी ‘रीप’. तुम्ही ‘रीप’मध्ये बसता. गेल्या ७ आर्थिक वर्षांपैकी ४ वर्षांत एनआयएचकडून आलेली रक्कम वर्षाला ६० लाख डॉलरच्या वर गेलेली नसावी, ही मुख्य अट. तसं प्रोव्होस्टच्या (संस्थेच्या शैक्षणिक प्रमुखाच्या) सहीचं पत्र जोडावं लागतं. ते आजच मागून ठेवा, सह्यांना वेळ लागतो.

चांगलं संशोधन, विद्यार्थ्यांना त्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि संस्थेत संशोधनाचं वातावरण, असे या ग्रँटचे तीन हेतू आहेत. त्यातला मधला तुम्ही दोन ओळींत उरकलात, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मीही फार्मसी स्कूलमध्येच शिकवते आणि तरुण सहकाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. ‘विद्यार्थी प्रयोगांत मदत करतील’ हे वाक्य त्यांत हमखास असतं. कोणता विद्यार्थी, कोणत्या प्रयोगात, कोणत्या वारी? तिथे पेन्सिलीने मी हेच लिहिते.

तुमच्याच विषयातला वेस्टर्न ब्लॉट घ्या, म्हणजे पेशींत एखादं प्रथिन आहे का ते शोधायची चाचणी. जेल चालवायचं, प्रथिनं पडद्यावर उतरवायची, पडदा ब्लॉक करायचा, मग पहिली अँटीबॉडी घालून तो रात्रभर ४ अंशांवर कोल्ड रूममध्ये हलत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी धुवायचा, दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुवायचा, मग फोटो. मंगळवारी दुपारी मोकळी असलेली मुलगी बुधवारी सकाळी फार्माकोथेरपीच्या वर्गात असते. म्हणजे ब्लॉट एकीने लावायचा आणि दुसऱ्याने उचलायचा, हे आधीच ठरलेलं हवं. दोघांची वही एक, नमुन्यांवर नाव लिहायची पद्धत एक. हे सगळं संशोधन आराखड्यात प्रत्येक एमच्या (उद्दिष्टाच्या) खाली लिहा. पेशी जगतात की मरतात हे बघायची एमटीटी चाचणी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवता येते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्याचा हातही बसतो. जनुक बंद केलेली सेल लाइन तयार करणं मात्र स्वतःकडे किंवा पूर्णवेळ तंत्रज्ञाकडे ठेवा. चौथ्या वर्षी तुमची मुलं रोटेशनला (रुग्णालयांत, दुकानांत प्रत्यक्ष कामाला) जातील आणि लॅबला दुरावतील. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतरचे दोन उन्हाळे हाच तुमचा खरा हंगाम, त्यात पगारी विद्यार्थी दाखवा. असं लिहिलंत की विद्यार्थ्यांचा परिच्छेद आणि ‘हे काम होईल का’ या शंकेचं उत्तर एकाच जागी मिळतं.

एक सांभाळा. हे संशोधनाचं अनुदान आहे, प्रशिक्षणाचं नाही. सेमिनार, जर्नल क्लब, अभ्यासक्रम यांचे तक्ते घालू नका. विद्यार्थ्यांनी प्रयोग करावेत, आकडे स्वतः मांडावेत, पोस्टर घेऊन परिषदेला जावं, एवढंच लिहा. तुमच्याकडे काम करून गेलेली मुलं पुढे कुठे पोचली, हे संस्थेच्या सोयीसुविधांच्या पानावर आवर्जून सांगा. रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला) गेलेली एक मुलगी असली तरी सांगा (नाव न घेता). तुमच्या बायोस्केचमध्येही (अर्जासोबतच्या परिचयपत्रात) विद्यार्थ्यांना शिकवल्याचा अनुभव दिसला पाहिजे.

पैशांचा अंदाज असू द्या. बरीच वर्षं इथली मर्यादा तीन वर्षांचे मिळून ३ लाख डॉलर थेट खर्च अशी होती. एनआयएचच्या नेहमीच्या मोठ्या ग्रँटमध्ये, मॉड्युलर (ठोक बजेटच्या) आर-०१ मध्ये, एका वर्षालाच अडीच लाखांपर्यंत मागता येतात. म्हणून आर-०१ चा चार एम्सचा आराखडा कापून इथे चिकटवू नका, दोन एम्स पुरेत. रक्कम आणि तारखा एनआयएचच्या चालू सूचनेत बघूनच बजेट मांडा. प्राथमिक निष्कर्ष असलेच पाहिजेत अशी अट नाही, तरी एक स्वच्छ ब्लॉट असेल तर जरूर घाला, आणि तो विद्यार्थ्याने केलेला असेल तर तसं खाली लिहा.

पहिल्यांदा नाही मिळालं, तर शेरे वाचून सुधारून पुन्हा पाठवता येतं. छोट्या कॉलेजातल्या मुलांना पिपेट हातात धरायला मिळावा यासाठीच ही योजना आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल संकोचाने लिहू नका.

प्रश्न : मी नाशिकला दंतवैद्यक महाविद्यालयात शिकवतो. या आर-१५ साठी आम्हाला अर्ज करता येईल का?

उत्तर : नाही, अमेरिकेबाहेरच्या संस्थांना येत नाही. तुमच्या बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. १९७९ पासून चालू आहे, एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या कामासाठी विद्यावेतन मिळतं. प्रस्ताव विद्यार्थ्याचा, मार्गदर्शक तुम्ही. दोन महिन्यांत ओपीडीत जेवढे रुग्ण खरोखर येतात तेवढ्यांवरच बेतलेला प्रश्न निवडा, आणि एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते आधी विचारून घ्या. परवानगी उशिरा आली तर दोन महिने तिची वाट बघण्यातच जातील.