वीज गेली, आली, पुन्हा गेली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहिल्या पावसात वीज येते, दोन मिनिटांत जाते. असं दोन-तीनदा झालं की मग ४-५ तास अंधार. तेवढा वेळ काय चाललेलं असतं?

उत्तर : शोधाशोध. फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की उपकेंद्रातला ऑपरेटर ब्रेकर पुन्हा लावून बघतो. फांदी घासून बाजूला झाली असेल तर लाइन टिकते. पुन्हा ट्रिप झाली, तर बिघाड अजून तिथेच आहे. मग ११ केव्हीची लाइन मध्येच एबी स्विचवर (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) तोडतात आणि उपकेंद्राकडचा भाग चालू करून पाहतात. तो टिकला तर बिघाड पुढे. मग पुढच्या भागाचेही तुकडे. उपकेंद्राजवळच्या वस्त्यांत आधी उजेड पडतो तो यामुळे, वशिल्याने नव्हे! पहिल्या पावसात बहुधा चिनीमातीचा पिन इन्सुलेटर (खांबावर तार ज्यावर टेकते तो) दगा देतो. उन्हाने तापलेल्या इन्सुलेटरवर गार पाणी पडलं की बारीक तडा जातो. तो जमिनीवरून दिसत नाही, रात्री तर नाहीच. एकेका खांबावर चढून बघावं लागतं.

प्रश्न : वीज आली, पण काही घरांत दिवे मिणमिणतात, आमच्याकडे मात्र डोळे दिपतात.

उत्तर : आधी मेन स्विच बंद करा, बाकीचं नंतर वाचा. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलाय किंवा सैल झालाय. अशा वेळी २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो. तक्रार करताना १९१२ वर दिव्यांचं हे लक्षण सांगा. नुसतं ‘लाइट नाही’ म्हणू नका.

प्रश्न : पंपाचा ऑटोस्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा) काढा म्हणतात. रात्री दोनला वीज आली तर शेतात कोण जाणार?

उत्तर : अडचण खरी आहे, पण हिशेब बघा. १०० केव्हीएच्या डीपीची (रोहित्राची) क्षमता साधारण १३३ अँपिअर. ५ एचपीचा पंप चालताना सुमारे ७ अँपिअर घेतो, म्हणजे १५ पंप सहज चालतात. सुरू होताना मात्र प्रत्येक जण सहापट ओढतो. सगळेच ऑटोवर असतील तर एकदम ६०० अँपिअरच्या पुढे. फ्यूज उडते. मग कुणीतरी जाड तार अडकवतं आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी रोहित्र जळतं. ऑटो ठेवायचाच असेल तर टायमर लावा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी वेळा वाटून घ्या : वीज आल्यावर कुणी २ मिनिटांनी, कुणी ४, कुणी ६. कपॅसिटरने चालू पंपाचा भार हलका होतो, सुरुवातीचा झटका नाही.

प्रश्न : छोटा जनरेटर घरच्या सॉकेटला जोडला तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. मेन चालू राहिला तर तीच वीज डीपीतून उलटी जाऊन वरच्या तारांत हजारो व्होल्ट होते, आणि खांबावर माणूस असतो. मेनच्या भरवशावर राहू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या.