पीएलएल डोलतोय म्हणून फिल्टरचा कपॅसिटर वाढवू का?

नाही, वाढवू नका. ४०४६ या चिपवर बांधलेला पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, म्हणजे आपली फ्रिक्वेन्सी रेफरन्स सिग्नलशी जुळवत राहणारं सर्किट) फ्रिक्वेन्सी कशी धरून ठेवतो आणि डिव्हायडर (आउटपुटची फ्रिक्वेन्सी भागून तुलनेला देणारा भाग) बदलल्यावर तो डोलत असेल तर कपॅसिटर वाढवावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी दुसऱ्यावरच अडकलो, कारण त्यात माझे तीन आठवडे गेलेत.

नोकरीतलं पहिलंच सर्किट. १ किलोहर्ट्झच्या रेफरन्सवरून १०० ते १९९ किलोहर्ट्झ काढायचे होते. चिपमध्ये फेज कम्पॅरेटर (दोन सिग्नलांमधला फेजचा फरक बघणारे) दोन असतात; त्यातला दुसरा, म्हणजे पिन १३ घेतलेली. डिव्हायडर १०० चा १०१ केला की कंट्रोल व्होल्टेज झोके घ्यायला लागायचं, ते थांबायचं नावच नाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, "कपॅसिटर वाढव." वाढवला. झोके तसेच, फक्त संथ. "अजून वाढव."

शेवटी कागद घेऊन बसलो. व्होल्टेज बदललं की व्हीसीओची (व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरची) फ्रिक्वेन्सी बदलते, पण कम्पॅरेटर बघतो फेज, आणि फेज म्हणजे साचत गेलेली फ्रिक्वेन्सी. (फेजमधला फरक स्थिर राहिला की फ्रिक्वेन्सी तंतोतंत सारखी असावीच लागते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.) वर पिन १३ चे पल्स पुन्हा फिल्टरच्या कपॅसिटरवर साचतात. म्हणजे दोनदा साचणं, प्रत्येकी ९० अंश मागे, मिळून १८०. असा झोका कोण थांबवणार? कपॅसिटर वाढवून त्याचा फक्त वेग कमी होतो. कपॅसिटर आणि ग्राउंडच्या मधे एक रेझिस्टर घाला. साचण्याची वाट न बघता तो दुरुस्ती ताबडतोब पोचवतो. मी घातला, आणि दोन-तीन झोक्यांत व्होल्टेज जागेवर बसलं.

वरिष्ठांचं म्हणणं, यानं रिपल (कंट्रोल व्होल्टेजवरची बारीक थरथर) वाढेल. वाढतो, मान्य. त्यासाठी सगळ्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावतात, मुख्य कपॅसिटरच्या साधारण दहाव्या भागाइतका. पण लूप स्थिरच नसेल तर रिपल मोजून काय करायचं, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हो, प्रोब पिन ९ वर, म्हणजे व्हीसीओच्या इनपुटवर, लावू नका, त्याच्या भारानं कपॅसिटर रिकामा होत राहतो. तेच व्होल्टेज बफर होऊन पिन १० वर येतं, तिथून ग्राउंडला रेझिस्टर देऊन तिथे बघा. आणि तुमच्या सिग्नलमध्ये गोंगाट असेल, मधले पल्स गळत असतील, तर दुसरा कम्पॅरेटर फसतो. मग पहिला घ्या, पण तो हार्मॉनिकवरही (फ्रिक्वेन्सीच्या पटीवरही) लॉक होतो, तेव्हा व्हीसीओची रेंज आवळून ठेवा.