कामाच्या धबडग्यात देवाकडे लक्ष कसं टिकवावं?
वेगळा वेळ मिळण्याची वाट पाहू नका. रोजच्या कामांच्या सांध्यांतच नामस्मरण बसवा. दाराला कुलूप लावताना, फोन उचलण्याआधी, जिना चढताना एकदा मनापासून नाव घ्यायचं, तेवढं पुरे. मन भरकटणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गीतेच्या ६व्या अध्यायातला २६वा श्लोक हेच सांगतो: चंचल मन जिथे जिथे धावेल, तिथून तिथून ते परत आणावं. म्हणजे हे परत आणणं हीच साधना. दिवसातून शंभरदा करावं लागलं तरी ते वाया जात नाही. मात्र सकाळचा थोडा वेळ, अगदी दहा मिनिटं का होईना, फोन बाजूला ठेवून फक्त देवाला द्या. तेही सोडलं तर दिवसभराचं स्मरण हळूहळू नुसतं ओठांवर उरतं.