नागपूरला छोटं ब्रूपब (स्वतः बिअर बनवून तिथेच विकणारं रेस्टॉरंट) सुरू करायचं आहे. ५०० लिटरचा प्लांट घ्यावा की १००० लिटरचा? देशी की जर्मन?

तुमचं रेस्टॉरंट चालू आहे, मागे सहाशे चौरस फूट जागा मोकळी आहे आणि हातात दोन कोटेशनं आहेत. त्यातला ५०० किंवा १००० हा आकडा बिअर शिजवायच्या भांड्याचा असतो. विकणारा तोच ठळक छापतो, कारण तांब्याचा पत्रा चढवलेली ती कढई काचेमागे छान दिसते. मी पुण्यात सात वर्षं बिअर बनवतोय, दोन प्लांट उभे केले, त्यातला पहिला चुकीचा होता. माझं ऐकाल तर कोटेशन शेवटच्या पानावरून वाचायला घ्या. आधी चिलर (थंडावा देणारं यंत्र), मग थंड पाण्याची टाकी, मग फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी). कढई सगळ्यात शेवटी.

सकाळी सातला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवलं तर दुपारी तीन-साडेतीनपर्यंत वर्ट, म्हणजे त्याचा उकळलेला गोड रस, फर्मेंटरमध्ये जातं आणि भांडं दुसऱ्या दिवसाला मोकळं होतं. फर्मेंटर मात्र अडकून पडतो. व्हीट (गव्हाच्या) बिअरला दहा-बारा दिवस, साध्या एलला (जरा उबेत लवकर आंबणारी बिअर) दोन आठवडे, लागरला (थंडीत सावकाश होणारी) महिना-दीड महिना. म्हणजे महिन्याला किती बिअर निघणार हे टाक्या ठरवतात. समजा आठवड्याला १००० लिटर खपली (पहिल्याच महिन्यात खपली तर मला पेढे पाठवा), तर दोन आठवड्यांच्या एलसाठी २००० लिटर फर्मेंटर लागतात, आणि गिऱ्हाइकाला निदान चार प्रकार हवे असतात. तुमच्या जागी मी ५०० लिटरचं भांडं, १००० लिटरचे दोन फर्मेंटर, ५०० चे दोन आणि तीन-चार सर्व्हिंग टाक्या (तयार बिअर ठेवून नळाला द्यायच्या) घेईन. मोठ्या फर्मेंटरमध्ये आज एक घाणा, उद्या त्याच यीस्टवर दुसरा. खपाची व्हीट बिअर मोठ्या टाकीत, हौसेची काळी स्टाउट छोट्या टाकीत. १००० चं भांडं घेतलंत तर न खपणारी बिअरसुद्धा हजार लिटर बनते. लागर पहिल्या वर्षी नकोच.

आता चिलर. माझ्या पहिल्या प्लांटचा चिलर कागदावर पुरेसा होता. कागदावरचा आकडा ३५ अंश बाहेरच्या हवेसाठी दिलेला होता आणि आम्ही तो बसवला गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. मे महिन्यात तिथे दुपारी उभं राहवत नव्हतं. एका सोमवारी सकाळी सहाला मी व्हीट बिअरच्या टाकीचा सँपल व्हॉल्व्ह उघडला. ग्लास नाकाशी नेला, तर लवंग-केळ्याऐवजी नेलपॉलिशचा वास. थर्मामीटर २७ अंश दाखवत होता, हवे होते १९. चिलर रात्रभर चालू होता, बिचारा थकला होता इतकंच. पाचशे लिटर गटारात. तुमच्याकडे तर ४५ अंश नेहमीचेच, तेव्हा विक्रेत्याकडून ४५ अंशाला किती टन थंडावा मिळतो (एसीचे मोजतात तेच टन) ते लेखी घ्या. तो ‘साहेब, चालून जाईल’ म्हणाला की दुसरा विक्रेता बघा.

सगळ्यात जास्त थंडावा लागतो तो उकळलेलं वर्ट उतरवताना. प्लेट चिलरमध्ये (पत्र्यांच्या एका बाजूने गरम वर्ट, दुसऱ्या बाजूने गार पाणी) नागपूरच्या उन्हाळ्यातलं टाकीचं पाणी सोडलंत, ते ३० अंश धरलं तरी वर्ट ३५ च्या खाली नेणं अवघड. उरलेले १५ अंश ग्लायकॉलने (चिलरमधून फिरणारं, न गोठणारं द्रव) उतरवायचे तर ५०० लिटरसाठी पाऊण तासात जवळजवळ साडेतीन टनांचा भार एकदम येतो, आणि त्याच वेळी बाकीच्या टाक्या तापायला लागतात. म्हणून थंड पाण्याची वेगळी, इन्सुलेशन केलेली टाकी घ्या, ५०० च्या प्लांटला ८०० ते १००० लिटरची. रात्रभर छोटा चिलर ते पाणी ८-१० अंशांवर आणून ठेवतो आणि दुपारी तेच पाणी प्लेट चिलरमध्ये वर्टची उष्णता घेऊन ७०-७५ अंशांचं होऊन गरम पाण्याच्या टाकीत जातं. दुसऱ्या दिवशीचं माल्ट त्यातच भिजतं. कोटेशन कमी करायचं असलं की विक्रेते ही टाकी आधी उडवतात. तुम्ही उडवू देऊ नका. जनरेटरही चिलर धरूनच मोजा. लाइट गेली तर बारचे दिवे मेणबत्तीवर भागतील, फर्मेंटर नाही.

तापवायला ५०० लिटरपर्यंत वीज पुरते. ६५ अंशांवरून उकळीला यायला साधारण २० युनिट लागतात, म्हणजे ३६ किलोवॅटच्या हीटरला पस्तीस-चाळीस मिनिटं. एवढा लोड महावितरणकडून मंजूर होतोय ना, ते आधी विचारा. वाफ उत्तम, पण बॉयलर, त्याची तपासणी, त्याची जागा, सहाशे फुटांत नको वाटतं.

टाक्यांबद्दल एक देशी मोह सांगतो. आपल्याकडे डेअरीची कामं करणारे स्टीलचे चांगले कारागीर आहेत आणि दुधाची जुनी टाकी स्वस्तात मिळते. पाणी साठवायला जरूर घ्या. बिअरच्या सर्व्हिंग टाकीत मात्र कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, दुधाची टाकी त्यासाठी बनवलेलीच नसते. फर्मेंटर घेताना आतल्या वेल्डवरून बोट फिरवा, नख अडकलं तर टाकी परत पाठवा, त्या खाचेत काय काय राहायला येतं ते तुम्हाला नंतर चवीत कळेल. आणि वरचा प्रेशर-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आत दाब वाढला की हवा सोडणारा, कमी झाला की आत घेणारा) चालू आहे का बघा. गरम कॉस्टिक सोड्याने धुतलेल्या टाकीत एका पोऱ्याने घाईने गार पाणी सोडलं, व्हॉल्व्ह चिकटलेला होता, आणि हजार लिटरची टाकी चेपलेल्या तेलाच्या डब्यासारखी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

देशी की जर्मन? टाक्या देशी घ्या, चांगल्या बनतात. वाचलेले पैसे पंप, प्लेट चिलर, तापमानाचे सेन्सर यांच्यावर घाला, आणि ज्यांचे सील व गॅस्केट आठवड्यात मिळतील तेच घ्या. पंप एक जादा ठेवा.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी. एक, उत्पादन शुल्क खात्याकडे नकाशा मंजूर होईपर्यंत टाक्यांची जागा पक्की समजू नका. माझ्या दुसऱ्या प्लांटला एक भिंत सरकली आणि मागवलेला फर्मेंटर दारातून जाईना. दोन, फरशी. भरलेली हजार लिटरची टाकी सव्वा-दीड टन भरते, आणि पाणी दिवसभर सांडत असतं. उताराचं गटार आधी, प्लांट नंतर. शिवाय ५०० लिटरच्या एका घाण्याला शंभर किलोच्या आसपास माल्ट लागतं. त्याचा भिजका चोथा त्याहून जड होतो आणि विदर्भाच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतो. गोठेवाले आनंदाने नेतात, पण रोज वेळेवर येणारा गोठेवाला आधी शोधून ठेवा आणि चोथा रेस्टॉरंटमधून न नेता बाहेर काढायला मागचं दार आहे का बघा.

ती मागची जागा तळमजल्यावर आहे की वर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वर असेल तर इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या आणि मग इथेच सांगा, टाक्यांचा हिशोब बदलावा लागेल.