घरात एकच मोबाइल, तोही रात्रीच हाती येतो. सहावीतल्या मुलीला अभ्यासाला कसा वापरू द्यावा?

रोज अर्धा तास पुरतो. फक्त आधी तयारी हवी.

बालभारतीचं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर काळा-पांढरा चौकोन दिसेल, तो क्यूआर कोड. अभ्यासाच्या सरकारी दीक्षा अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की धड्यांचे व्हिडिओ येतात. जिथे वायफाय मिळेल तिथे ते डाउनलोड करून ठेवा, म्हणजे घरी रेंज नसली तरी चालतात. पुस्तकात क्यूआर कोड वापरण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी रुजवली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांनाच मिळाला.

पण नुसतं बघून काही येत नाही, हे माझं ठाम मत. माझी भाची अपूर्णांकांचा व्हिडिओ तीनदा बघून 'समजलं' म्हणाली. वही पुढे केली तर १/२ अधिक १/३ चं उत्तर २/५! मग मी तिला मोबाइलचा रेकॉर्डर लावून दिला: तूच शिकव. दुसऱ्याच वाक्याला अडली, 'छेद सारखे का करायचे?' तिथून खरा अभ्यास सुरू झाला. भाषेलाही हेच करा. कविता मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची आणि स्वतःच ऐकायची. याला नेट लागत नाही.

आणि हो, त्या अर्ध्या तासात फ्लाइट मोड. नाहीतर फॅमिली ग्रुपवरचे गुड नाइट येतच राहतात.