बीट बनवायचे आहेत, पैसे कशात घालू?
(वाचकांचे प्रश्न : संगीत आणि तंत्र)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वीस वर्षांचा आहे, बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, डिप्लोमा करतोय. नवरात्रात एका गरबा ग्रुपबरोबर ऑक्टोपॅड वाजवतो (रोलँडचा जुना एसपीडी-२०). माझा मित्र मराठी-गुजराती मिसळून रॅप लिहितो, त्याला रॅपखाली वाजायला हिप हॉप बीट हवे आहेत. यंदाच्या नवरात्राचे पैसे शिल्लक आहेत, पण पन्नास हजारांच्या वर जाता येणार नाही. लॅपटॉप आहे, आठ जीबी रॅमचा. ग्रुपमधले सीनियर म्हणतात, खरा आवाज हार्डवेअर सिंथेसायझरचाच, सॉफ्टवेअर म्हणजे नुसती नक्कल. सिंथ घेऊ की सॉफ्टवेअर?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : सॉफ्टवेअर घे. सिंथ आत्ता घेऊ नकोस. तुझ्या सीनियर मंडळींचा मान राखूनच सांगते, त्यांचं म्हणणं गरब्याच्या स्टेजपुरतं खरं असेल, हिप हॉपला ते लागू होत नाही.

हिप हॉप मुळात सिंथेसायझरवर उभं राहिलेलंच नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी जी पार्टी वाजवली, तिथे दोन टर्नटेबल होते आणि तबकड्यांमधले ड्रमचे तुकडे होते. पुढे जी यंत्रं आली त्यात ड्रम मशीन आणि सॅम्पलर (आवाजाचा तुकडा रेकॉर्ड करून हवा तसा वाजवणारं यंत्र) ही दोन मुख्य. ई-म्यू कंपनीचा सॅम्पलर एसपी-१२०० आला १९८७ मध्ये. त्यात सगळे आवाज मिळून फक्त दहा सेकंद मावायचे. मग पोरं काय करायची? ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर पळवून रेकॉर्ड करायची आणि यंत्रात आवाज पुन्हा खाली आणायची. तेवढ्यात जागा वाचायची आणि आवाजाला एक खरखर यायची. त्या खरखरीवर आज लोक जीव टाकतात. १९८८ मध्ये अकाईचा एमपीसी६० आला. सोळा पॅड, बोटांनी वाजवायचे, रचना रॉजर लिन यांची. आता हे लक्षात घे की ही दोन्ही यंत्रं डिजिटल आहेत. आत चिप आहे, मेमरी आहे, त्यावर प्रोग्रॅम चालतो. म्हणजे ज्याला 'खरा' हिप हॉप आवाज म्हणतात तोही एका लहान, मर्यादित कॉम्प्युटरमधूनच आला. आणि नकलेचं म्हणशील, तर नाइन्थ वंडर या निर्मात्यांनी फ्रूटीलूप्स या सॉफ्टवेअरवर केलेली बीट २००३ मध्ये रॅपर जे-झी यांच्या अल्बमवर आली. फ्रूटीलूप्स म्हणजेच आजचा एफएल स्टुडिओ.

अॅनालॉगचा मान मात्र एका यंत्राला द्यायलाच हवा, तो म्हणजे रोलँडचं ड्रम मशीन टीआर-८०८. १९८० ते १९८३ एवढाच काळ तो बनला, सुमारे बारा हजार नग. आपल्याकडे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ८०८ च्या ठोक्यांवर राग बांधले होते, हे तुझ्या मित्राला जरूर सांग. आज ट्रॅप या हिप हॉपच्या प्रकारात जो लांबलचक, छातीत घुमणारा बेस ऐकू येतो तो या ८०८ च्या किकचाच, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्याचाच, वंशज. आणि तो तुला फुकटात बनवता येतो. मी माझ्या रावपुऱ्यातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तयार सॅम्पल उचलण्याआधी हा एकदा हाताने करायला लावते.

असा कर. कुठल्याही सॉफ्ट सिंथमध्ये, एफएलमधला थ्रीएक्स ऑस्क चालेल, एकच ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) ठेव आणि तो साइन वेव्हवर लाव. बाकीचे दोन बंद. आता पिचला एन्व्हलप (सूर वेळेनुसार कसा बदलावा ते ठरवणारी सोय) लाव : सूर दोन सप्तकं वरून सुरू होऊन तीस-चाळीस मिलिसेकंदांत मूळ जागी यायला हवा. ही घसरण म्हणजेच किकची 'ठक'. ती फार लांबवलीस तर लेझर बंदुकीसारखं 'प्यूं' ऐकू येईल, मग कमी कर. मग आवाजाचा डिके, म्हणजे विरत जाण्याचा वेळ, सेकंदभर ठेव आणि चॅनल मोनो कर, म्हणजे नवा सूर लागला की आधीचा तुटेल, एकावर एक चढणार नाहीत. झालं, ८०८.

आता खरं काम. हा किक म्हणजे सूर आहे, नुसता ठोका नाही. बीट पांढरी सहामध्ये असेल तर त्याचा खालचा सूर ५५ हर्ट्झवर बसतो, पांढरी पाचला ४९ वर, पांढरी चारला ४४ च्या थोडा खाली. मेलडी एका पट्टीत आणि ८०८ भलत्याच, अशा बीट माझ्याकडे ढिगाने येतात. मुलं म्हणतात, "ताई, काहीतरी चुकतंय पण कळत नाही." कळत नाही कारण लॅपटॉपच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. साधारण दीडशेच्या खाली त्या स्पीकरची ताकद संपते. म्हणून या बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) घालायचं. त्याने ११०, १६५, २२० असे वरचे सूर तयार होतात आणि फोनवर ऐकणाऱ्याचा कान त्यावरून खालचा बेस ओळखतो. तुझ्या मित्राचे श्रोते फोनवरच ऐकणार आहेत. प्रत्येक बीट शेवटी फोनवर लावून बघ. बेसची चाल गुणगुणता आली पाहिजे.

आता तुझ्याजवळ जे आहे त्याबद्दल. तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ऑक्टोपॅड. एसपीडी-२० च्या मागे पाच पिनांचा मिडी आउट आहे, म्हणजे कुठला पॅड किती जोरात वाजला ते दुसऱ्या यंत्राला कळवणारी जोडणी. मिडी-टू-यूएसबी केबल घेऊन तो लॅपटॉपला जोड. तुझे आठ पॅड आता एफएलच्या एफपीसी या ड्रम वाजवणाऱ्या भागातला कुठलाही आवाज वाजवतील. पॅडवाला वेगळा कंट्रोलर विकत घेण्याचं कारणच उरलं नाही. आणि काठीने वाजवायची तुझी सवय माऊसने ठोके मांडणाऱ्या कुणाकडेही नसते, तिचा उपयोग कर.

तो कसा, ते सांगते. ९० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, एका मात्रेचे चार भाग केले की प्रत्येक भाग १६७ मिलिसेकंदांचा. सगळे भाग सारखे ठेवले की हाय-हॅट शिलाई मशीनसारखा चालतो. लिन यांनी आपल्या ड्रम मशीनमध्ये स्विंगची सोय केली, त्यात दुसरा आणि चौथा भाग किंचित मागे सरकतो. ५० टक्के म्हणजे सरळ. ५८ टक्के केलं की ते ठोके सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा पडतात. ६६ ला गेलं की तिगुनीची चाल येते. तू गरब्यात हींच ताल वाजवतोस, सहा मात्रांची ती झोकदार चाल तुझ्या मनगटात आहे, त्यामुळे हा उशीर तुला आकड्यांशिवाय कळेल. म्हणून आधी सॉफ्टवेअरचं क्वान्टाइझ (ठोके आपोआप ग्रिडच्या समान रेघांवर बसवणारी सोय) बंद करून आठ बार वाजव आणि ऐक. किक ग्रिडवर आणावासा वाटला तर आण, स्नेअर थोडा मागे राहिला असेल तर राहू दे. हिप हॉप निर्माते जे डिला यांचं या बाबतीत जगभर नाव घेतलं जातं. त्यांचा एमपीसी३००० वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात ठेवला आहे. तिथे तो पोचला तो त्यांच्या वाजवण्यामुळे. तोच मॉडेल हजारोंच्या घरी होता.

पैशांचं बघू. एफएल स्टुडिओची फ्रूटी आवृत्ती स्वस्त आहे, पण तीत माइकवरचा आवाज रेकॉर्ड करता येत नाही. तुम्हाला रॅप घ्यायचा आहे, तेव्हा प्रोड्यूसर आवृत्ती घे. एकदा घेतली की पुढचे सगळे अपडेट फुकट मिळतात. आधी ट्रायलवर महिनाभर हात बसव. ट्रायलमध्ये सेव्ह केलेली फाइल विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, म्हणून बीट झाली की लगेच ऑडिओ काढून ठेव. क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, घेऊ नकोस. त्याबरोबर व्हायरस येतो आणि कुणाच्या तरी मेहनतीचे पैसे बुडतात, मला दोन्ही मान्य नाही. सिंथचे आवाज हवेत तर सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही फुकट आहेत आणि उत्तम आहेत. पुढची दोन-तीन वर्षं ते पुरतील.

उरलेल्यातून दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि क्लोज्ड-बॅक हेडफोन घे. इंटरफेस नुसता माइकसाठी नाही. पॅडवर काठी पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ त्यावर ठरतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पल असेल तर फक्त बफरचेच जवळजवळ १२ मिलिसेकंद जातात, १२८ वर तीनच. तुझ्यासारख्या वादकाला हा फरक पहिल्या ठोक्याला जाणवेल आणि तू स्वतःच्या हाताला दोष देत बसशील. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. आठ जीबीत एवढं सहज चालतं.

मग हार्डवेअर कधीच नाही का? तसं नाही. माझ्याकडे कोर्गचा मिनिलॉग हा सिंथ आहे, चारच सूर एका वेळी वाजतात, आणि मला तो फार प्रिय आहे. फिल्टरचं बटण फिरवत असताना मी स्क्रीनकडे बघत नाही, फक्त ऐकते, आणि तेवढ्यासाठी त्याची किंमत मला वाजवी वाटते. पण तो घेण्याआधी मला नेमकं काय हवंय ते माहीत होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मोठा मॉड्युलर (सुटे भाग केबलने जोडून वाजणारा) सिंथ बसवून दिला होता. तसल्या यंत्रात केबल काढल्या की आवाज गेला, तो पुन्हा हवा तर सगळं नव्याने जोडा. तुझा मित्र सहा महिन्यांनी "दुसरं कडवं खालच्या पट्टीत करूया" म्हणाला, तर लॅपटॉपवर ते पाच मिनिटांचं काम आहे.

वर्षभराने तुला एखादी गोष्ट सतत अडत असेल तर लिही. स्टेजवर लॅपटॉप न्यायचा नसेल तर सॅम्पलर बघू, सूर हाताने घडवावेसे वाटले तर सिंथ बघू. जुनं परदेशी यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर आधी मागची पट्टी वाच. जपानमधलं १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० चं. आपल्या २३० वर सरळ लावलं तर जळेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

प्रश्न : आमच्या घरी वडिलांनी जपलेल्या ७८ च्या तबकड्या आहेत, बहुतेक नाट्यसंगीत. नातू त्यातले तुकडे घेऊन 'बीट' करतो म्हणतो. कायद्याने चालेल का? तबकड्या खराब तर होणार नाहीत?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : काका, नातवाला जरूर करू द्या, फक्त दोन्ही बाजू नीट सांभाळा. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो, तेव्हा १९२०-३० च्या तबकड्यांचा तो केव्हाच संपला आहे. पदाचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, तिथे प्रश्न नाही. लेबलवरचं प्रत्येक नाव तपासा. मात्र इंटरनेटवरून उतरवलेली, कंपनीने नव्याने साफ केलेली आवृत्ती वापरू नका, त्यावर दावा येऊ शकतो. तुमच्याच तबकडीवरून घ्या.

ती वाजवताना एलपीची सुई अजिबात लावू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची त्याच्या चौथाईइतकी बारीक, ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त येते. तबकडी पूर्ण, सलग एकदा उतरवून घ्या, मग नातवाने कॉपीवर हवे तेवढे तुकडे करावेत. आणि कृपा करून त्याला आधी पूर्ण पद ऐकवा. कुठली तान कुठे सुटते हे कळलं की तो तुकडाही चांगला निवडेल.

प्रश्न : मुलीचा शाळेतला कीबोर्ड माळ्यावर पडून आहे. बीट बनवायला उपयोगी पडेल का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : मागे यूएसबीचं चौकोनी भोक आणि त्यावर 'टू होस्ट' असं लिहिलेलं असेल, तर प्रिंटरची केबल लावून लॅपटॉपला जोडा, चालेल. पाच पिनांचा गोल मिडी असेल तर वरच्या उत्तरातली केबल घ्या. फक्त हेडफोनचं भोक असेल तर त्यातून आवाज रेकॉर्ड करता येईल, पण सॉफ्टवेअरचे सूर वाजवता येणार नाहीत. आणखी एक पाहा : पट्टी हळू आणि जोरात दाबून आवाज लहान-मोठा होतो का? होत नसेल तर पियानो त्यावर सपाट वाजेल. बेस आणि कॉर्डसाठी मात्र खुशाल वापरा.